स्टेरॉइडची गोष्ट: क्षयाच्या खाटांपासून काळ्या बुरशीपर्यंत

"डॉक्टर, यात स्टेरॉइड तर नाही ना?" हा प्रश्न सातारा-सांगलीकडच्या कोणत्याही दवाखान्यात दिवसातून दोन-चार वेळा ऐकू येतो. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर भीती असते. आणि त्याच दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या दुसऱ्या कुणाच्या पिशवीत गुडघेदुखीवरची बिननावाची पुडी असते. ती घेतली की दुसऱ्या दिवशी माणूस शेतात जातो. "त्या पुडीला तोड नाही" असं तो सांगतो. त्या पुडीत काय आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. बहुतेक वेळा त्यात स्टेरॉइडच असतं.

एकाला नको तितकी भीती, दुसऱ्याला नको तितका विश्वास. दोघांनाही या औषधाचा इतिहास ठाऊक नाही. तो समजला, तर स्टेरॉइड कधी जीव वाचवतं, कधी घात करतं, आणि डॉक्टर "एकदम बंद करू नका" असं पुन्हा पुन्हा का बजावतात, हे आपोआप उलगडतं. म्हणून आज औषधाच्या डोसऐवजी त्याची कूळकथा सांगतो. ती आपल्या भागाशीही जोडलेली आहे.

दोन छोट्या ग्रंथी

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी बसलेली असते. मराठी पुस्तकांत तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात, दवाखान्यात आपण ॲड्रीनल म्हणतो. एकेका ग्रंथीचं वजन जेमतेम ४-५ ग्रॅम. आतला गाभा ॲड्रीनलिन बनवतो. घाबरल्यावर छातीत धडधड होते ती त्याच्यामुळे. बाहेरचा थर तीन प्रकारची हार्मोन्स बनवतो. त्यांतलं एक मीठ आणि पाणी सांभाळतं, एका गटाचा संबंध लैंगिक हार्मोन्सशी असतो, आणि तिसरं म्हणजे कॉर्टिसोल.

कॉर्टिसोल हे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड. ते रक्तदाब टिकवतं, उपाशीपोटी साखर पडू देत नाही, सूज आटोक्यात ठेवतं आणि आजारपणाचा ताण झेलायला मदत करतं. पहाटे ते जास्त तयार होतं, मध्यरात्री सर्वांत कमी. ताप आला, अपघात झाला, शस्त्रक्रिया झाली, की ग्रंथी त्याचं उत्पादन कित्येक पटींनी वाढवते. म्हणजे "स्टेरॉइड" नावाचा पदार्थ आपल्या प्रत्येकाच्या रक्तात या क्षणी फिरतो आहे. तो नसेल तर माणूस जगत नाही. हे पहिल्यांदा कळलं ते क्षयाच्या रुग्णांमुळे.

ॲडिसन आणि क्षय

१८५५ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या डॉ. थॉमस ॲडिसन यांनी एक छोटं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात ११ रुग्णांची हकिगत होती. हळूहळू वाढत गेलेला अशक्तपणा, घटत गेलेलं वजन, मंद नाडी, उलट्या, आणि काळवंडत गेलेली त्वचा. शवविच्छेदनात या रुग्णांच्या अधिवृक्क ग्रंथी बिघडलेल्या आढळल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांत ते काम क्षयाने केलेलं होतं. पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, ब्राऊन-सेकार या शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या दोन्ही ग्रंथी काढून पाहिल्या. प्राणी मेले. तोवर या ग्रंथींचा उपयोग काय हेच कुणाला माहीत नव्हतं.

क्षयाचे जंतू फुप्फुसातून रक्तावाटे इतर अवयवांत जातात. अधिवृक्क ग्रंथी हे त्यांच्या आवडत्या जागांपैकी एक. तिथे ते वर्षानुवर्षं दबून राहतात आणि ग्रंथी आतून पोखरतात. सुमारे ९० टक्के भाग नष्ट होईपर्यंत रुग्णाला फारसं काही जाणवत नाही. म्हणून फुप्फुसाचा क्षय बरा होऊन गेल्यावर कित्येक वर्षांनीही हा आजार उघड होऊ शकतो. १९३० साली झालेल्या एका मोठ्या आढाव्यात ॲडिसनच्या आजाराच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये कारण क्षय होतं.

आता हे आपल्या नकाशावर ठेवून पाहा. १८९४ साली मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं आणि पुढे दूरदूरचे रुग्ण रेल्वेने मिरजेला येऊ लागले. सांगली आणि मिरजेच्या मध्ये क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम झालं. त्या वस्तीला आजही आपण वानलेसवाडी म्हणतो. सातारा जिल्ह्यात पाचगणीच्या कोरड्या, थंड हवेत डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर सॅनिटोरियम सुरू केलं. क्षयावर औषध नसलेल्या त्या काळात उपचार म्हणजे मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध, अंडी आणि वाट पाहणं. आपल्या भागात अजूनही काही घरांत "आजोबांना पाचगणीला ठेवलं होतं" असं दबक्या आवाजात सांगतात, ते याच काळाबद्दल.

या खाटांवरच्या माणसांपैकी कुणाची ग्रंथी निकामी होत चालली असेल, तर ते ओळखणं फार अवघड होतं. अशक्तपणा, वजन घटणं, भूक मरणं ही क्षयाचीही लक्षणं आणि ॲडिसनच्या आजाराचीही. रक्तातलं कॉर्टिसोल मोजण्याची सोय नव्हती. त्वचा काळवंडते म्हणावं, तर ते गोऱ्या इंग्रज रुग्णात जितकं ठळक दिसतं तितकं उन्हात राबणाऱ्या आपल्या माणसात दिसत नाही. आपल्याकडे ते शोधायचं असतं तळहाताच्या रेषांत, हिरड्यांवर, ओठांच्या आतल्या बाजूला, बोटांच्या सांध्यांवर आणि नव्या जखमेच्या वणावर. आणि समजा ओळखलं असतं, तरी १९३० च्या आधी देण्यासारखं काहीच नव्हतं.

हा भाग निव्वळ इतिहास नाही. पाश्चात्त्य देशांत आज या आजाराचं मुख्य कारण म्हणजे शरीराने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेला हल्ला. आपल्याकडे मात्र क्षय अजूनही महत्त्वाच्या कारणांपैकी एक आहे. क्षय होऊन गेलेल्या माणसाला सतत थकवा असेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, मीठ खावंसं वाटत असेल, रक्तातलं सोडियम वारंवार कमी येत असेल, तर सकाळचं कॉर्टिसोल तपासून पाहायला हवं.

गुरांच्या ग्रंथींपासून "कंपाउंड ई" पर्यंत

१९३० च्या सुमारास अमेरिकेत स्विंगल आणि फिफ्नर यांनी जनावरांच्या ग्रंथींच्या बाहेरच्या थरापासून अर्क काढला. ग्रंथी काढून टाकलेल्या मांजरांना तो टोचला की ती जगत. आता या अर्कात नेमकं काय आहे याचा शोध सुरू झाला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडमध्ये ताडेउश राइखश्टाइन हे दोघे हजारो गुरांच्या ग्रंथींमधून चिमूटभर स्फटिक वेगळे करत होते. केंडल यांनी आपल्या पदार्थांना ए, बी, सी अशी नावं दिली. त्यांतलं "कंपाउंड ई" म्हणजे पुढचं कॉर्टिसोन.

दुसऱ्या महायुद्धात एक अफवा उठली, की जर्मन वैमानिकांना या ग्रंथींचा अर्क टोचतात आणि त्यामुळे ते फार उंचावरून विमानं चालवू शकतात. अफवा खोटी होती, पण तिच्यामुळे अमेरिकन सरकारने संशोधनाला जोर दिला. मर्क कंपनीच्या लुईस सॅरेट यांनी गुरांच्या पित्तापासून तीसहून अधिक पायऱ्यांची रासायनिक प्रक्रिया करून कॉर्टिसोन बनवलं. औषध तयार झालं. ते द्यायचं कुणाला, हे मात्र ठरलं नव्हतं. ॲडिसनचे रुग्ण मोजके होते.

२१ सप्टेंबर १९४८

मेयो क्लिनिकमध्येच फिलिप हेंच हे सांधेदुखीचे डॉक्टर होते. १९२९ साली त्यांनी एक गोष्ट टिपून ठेवली होती. संधिवाताच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि कावीळ असेपर्यंत त्याची सांधेदुखी जवळजवळ नाहीशी झाली. गरोदरपणातही काही स्त्रियांचा संधिवात असाच शांत होतो, हेही त्यांनी पाहिलं. शरीर स्वतःच काहीतरी बनवतं आणि त्याने सूज उतरते, असा तर्क त्यांनी केला. तो पदार्थ केंडल यांचा कंपाउंड ई असेल का?

२१ सप्टेंबर १९४८ रोजी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला त्यांनी कंपाउंड ईचं पहिलं इंजेक्शन दिलं. दोन-तीन दिवसांत तिचे ताठरलेले स्नायू सैल झाले. आठवड्याभरात ती चालत बाजारात जाऊन खरेदी करून आली. पुढच्या वर्षी हेंच यांनी आपल्या रुग्णांची फिल्म डॉक्टरांच्या सभेत दाखवली. आधी खुर्चीतून उठू न शकणारी माणसं नंतर जिने चढताना दिसत होती. १९५० साली केंडल, राइखश्टाइन आणि हेंच या तिघांना नोबेल पारितोषिक मिळालं.

गुडघ्याच्या पुडीबद्दल आपला शेतकरी जे सांगतो, तेच १९४९ साली जगभरची वर्तमानपत्रं सांगत होती. चमत्कार झाला होता खरा. पण औषध थांबवलं की दुखणं परत येत होतं. दिलं तर चेहरा चंद्रासारखा गोल होत होता, पोट सुटत होतं, साखर वाढत होती, झोप उडत होती, काहींच्या मनावर परिणाम होत होता. हार्वे कुशिंग या मेंदूच्या शल्यचिकित्सकाने १९३२ साली ज्या आजाराचं वर्णन केलं होतं, कॉर्टिसोल जास्त झाल्याने होणारा तोच आजार आता औषधाने घडत होता. दुखणं दाबणं आणि रोग बरा करणं यांत फरक आहे, हे हेंच यांना लवकर कळलं आणि त्यांनी ते उघडपणे सांगितलंही. पण मागणी थांबली नाही.

बुरशीने केलेलं काम

सुरुवातीला कॉर्टिसोन फार महाग होतं. १९४९ साली ग्रॅमला सुमारे २०० डॉलर. गुरांचं पित्त किती गोळा करणार? मार्ग निघाला तो कंदांतून. मेक्सिकोत रानटी कंदांमध्ये डायोस्जेनिन नावाचा पदार्थ सापडला. त्यापासून रसेल मार्कर यांनी १९४० च्या दशकात प्रोजेस्टेरॉन बनवलं. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात पांढऱ्या फुलांनी भरणारी पेव नावाची वनस्पती आहे. तिच्या कंदातही हेच डायोस्जेनिन असतं. (ते खाऊन शरीरात कॉर्टिसोन तयार होत नाही. त्यासाठी कारखाना लागतो. कुणी तसं सांगून कंदाची पावडर विकत असेल तर घेऊ नका.)

प्रोजेस्टेरॉनचं कॉर्टिसोन करताना एका ठरावीक जागी ऑक्सिजनचा अणू बसवावा लागतो. रसायनशास्त्रज्ञांना ते फार जड जात होतं. १९५२ साली अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरे यांनी ते काम एका बुरशीकडून करून घेतलं. ही बुरशी रायझोपस कुळातली, शिळ्या पावावर वाढते तशी. तिने ते काम एका पायरीत केलं. कॉर्टिसोनचा भाव झपाट्याने उतरला आणि औषध सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं. पाठोपाठ १९५५ मध्ये प्रेडनिसोन आणि दशक संपता संपता डेक्सामेथासोन बाजारात आलं. ही औषधं कॉर्टिसोनपेक्षा कितीतरी पटींनी जोरकस.

रायझोपस हे नाव लक्षात ठेवा. ते पुढे पुन्हा येणार आहे.

कालव्याचं पाणी आणि बंद पडलेली मोटर

आता या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा धडा.

कॉर्टिसोल किती बनवायचं हे अधिवृक्क ग्रंथी स्वतः ठरवत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी रक्तातलं कॉर्टिसोल बघून तिला हुकूम देते. बाहेरून स्टेरॉइड आलं की पिट्युटरीला वाटतं, भरपूर आहे. ती हुकूम देणं थांबवते. काम नसलेली अधिवृक्क ग्रंथी आक्रसते.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगायला सोपं आहे. कालव्याचं पाणी बारमाही येत असेल तर विहिरीची मोटर कुणी चालू करत नाही. दोन वर्षांनी एक दिवस कालवा अचानक बंद झाला. मोटर गंजलेली. विहिरीत पाणी असूनही पीक वाळतं. स्टेरॉइड एकाएकी बंद केल्यावर शरीराचं हेच होतं.

केंडल यांच्याच सहकाऱ्यांनी हे १९३८ साली उंदरांमध्ये दाखवलं होतं. बाहेरून अर्क दिलेल्या उंदरांच्या ग्रंथी सुकल्या होत्या. म्हणजे संधिवाताच्या पहिल्या इंजेक्शनच्या दहा वर्षं आधी ही गोष्ट कळलेली होती. तरी तिचं गांभीर्य उमगायला एक मृत्यू घडावा लागला. १९५२ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ३४ वर्षांच्या रुग्णाची हकिगत आली. संधिवातासाठी तो कित्येक महिने कॉर्टिसोनवर होता. त्याच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर रक्तदाब कोसळला आणि काही केल्या वर आला नाही. शवविच्छेदनात दोन्ही अधिवृक्क ग्रंथी सुकलेल्या मिळाल्या. शस्त्रक्रियेचा ताण आल्यावर जे कॉर्टिसोल कित्येक पटींनी वाढायला हवं होतं, ते बनवणारी ग्रंथीच झोपलेली होती.

दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये ३७ वर्षांच्या दुसऱ्या एका माणसाच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली. त्याला ॲडिसनचा आजार होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या काळात त्याला स्टेरॉइडचा वाढीव डोस दिला. नंतर जंतुसंसर्गाने तो अत्यवस्थ झाला, तरी वाचला. त्याचं नाव जॉन केनेडी. सहा वर्षांनी तो अमेरिकेचा अध्यक्ष म्हणून निवडून आला. एकच तत्त्व, एकात विसरलं गेलं, दुसऱ्यात पाळलं गेलं.

क्षयाचं औषध आणि स्टेरॉइड

१९४० आणि ५० च्या दशकांत स्ट्रेप्टोमायसिन, आयसोनियाझिड ही क्षयाची औषधं आली. १९५९ साली मद्रासच्या अभ्यासाने दाखवलं, की औषधं नीट घेतली तर घरी राहूनही रुग्ण सॅनिटोरियममधल्याइतकाच बरा होतो. पाचगणी-वानलेसवाडीच्या खाटांचं जुनं महत्त्व संपलं. पण क्षय आणि अधिवृक्क ग्रंथीचं नातं संपलं नाही. त्याला तीन नवी वळणं लागली.

पहिलं: क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन हे महत्त्वाचं औषध यकृताला स्टेरॉइड लवकर नष्ट करायला लावतं. ज्याची ग्रंथी आधीच क्षयाने अर्धमेली आहे, त्याला क्षयाचा उपचार सुरू झाल्यावर काही दिवसांत अचानक उलट्या, चक्कर, रक्तदाब कमी होणं असा त्रास होऊ शकतो. तो औषधाची उष्णता म्हणून सोडून देऊ नये. आणि जो आधीपासून स्टेरॉइडच्या गोळ्यांवर आहे, त्याचा डोस अशा वेळी वाढवावा लागतो.

दुसरं: स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती दबते, त्यामुळे शरीरात झोपलेला क्षय जागा होऊ शकतो. गुडघ्याच्या पुडीवर वर्षभर राहिलेल्या माणसाला खोकला आणि बारीक ताप सुरू झाला, तर ही शंका आधी घ्यायची.

तिसरं वळण उलट दिशेचं आहे. मेंदूच्या आवरणाचा क्षय झालेल्या रुग्णांना क्षयाच्या औषधांबरोबर डेक्सामेथासोन दिलं तर मृत्यू कमी होतात, हे २००४ साली व्हिएतनाममधल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालं. तेच औषध क्षय जागा करतं आणि क्षयाच्या रुग्णाचा जीवही वाचवतं. कुणाला, कधी, किती आणि कशाच्या जोडीने दिलं, यावर सगळं अवलंबून आहे.

२०२० आणि २०२१

१६ जून २०२० रोजी इंग्लंडमधल्या रिकव्हरी चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला. कोविडच्या रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांत होणारे मृत्यू सुमारे ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आले. ऑक्सिजनवर असलेल्यांत २६ वरून २३. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीही फायदा झाला नाही. त्यांच्यात स्टेरॉइड घेतलेल्यांचे मृत्यू १८ टक्के आणि न घेतलेल्यांचे १४ टक्के होते. हा फरक पक्का म्हणता येण्याइतका मोठा नव्हता, पण सावध करणारा नक्कीच होता.

काही रुपयांची गोळी, साठ वर्षं जुनी, आणि महागड्या नव्या औषधांना जे जमलं नाही ते तिने केलं. त्या साथीत मिरज, सांगली, कराड, साताऱ्याच्या वॉर्डांतून घरी परतलेल्यांपैकी अनेकांना या गोळीने हात दिला.

पण बातमीतलं अर्धंच वाक्य लोकांपर्यंत पोचलं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत देशभर व्हॉट्सॲपवर औषधांच्या याद्या फिरल्या. ऑक्सिजन ९८ असलेल्या माणसांनी तापाच्या पहिल्याच दिवशी स्टेरॉइड सुरू केलं, कुणी दुप्पट-तिप्पट डोस घेतला, कुणी तीन-तीन आठवडे. स्टेरॉइडने साखर वाढते. आपल्याकडे मधुमेह घरोघरी, आणि बऱ्याच जणांना तो असल्याचं माहीतही नसतं. वाढलेली साखर आणि दबलेली प्रतिकारशक्ती या दोन्हींचा फायदा एका बुरशीने घेतला. म्युकरमायकोसिस, ज्याला आपण काळी बुरशी म्हणालो. मे २०२१ मध्ये या रोगाची सरकारला नोंद देणं बंधनकारक झालं. जुलैपर्यंत देशात ४५,००० हून अधिक रुग्ण आणि ४,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले होते. सर्वाधिक फटका बसलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. जीव वाचलेल्या कित्येकांचा डोळा किंवा जबडा गेला.

भारतात या रोगाला सर्वांत जास्त वेळा कारणीभूत ठरते ती बुरशी रायझोपस कुळातलीच. १९५२ साली जिने स्टेरॉइड स्वस्त केलं त्याच कुळातली.

नायट्याचं मलम

गोळ्यांइतकाच मोठा प्रश्न मलमांचा आहे. १९५२ साली हायड्रोकॉर्टिसोनचं मलम आलं आणि इसबाच्या रुग्णांना मोठा आराम मिळाला. आपल्याकडे मात्र जोरकस स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र केलेली मलमं नायट्यासाठी सर्रास वापरली जातात. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आत पसरत राहते. नायटा जांघेतून पोटावर, पोटावरून घरातल्या लेकरांवर जातो. गोरेपणासाठी तीच मलमं चेहऱ्याला लावली जातात, मग त्वचा पातळ आणि लाल होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड असलेली मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही "नायट्याचं द्या" म्हटल्यावर ट्यूब मिळतेच.

अलीकडे काय बदललं?

२०२४ साली युरोप आणि अमेरिकेतल्या हार्मोन-तज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून स्टेरॉइड कसं थांबवावं याची मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केली. तिचा सारांश असा:

तीन-चार आठवड्यांपेक्षा कमी काळ घेतलेलं स्टेरॉइड सहसा थेट थांबवता येतं. म्हणजे दम्याच्या झटक्यासाठी डॉक्टरांनी पाच दिवस दिलेल्या गोळ्यांची धास्ती घेण्याचं कारण नाही.

त्याहून जास्त काळ घेतलं असेल तर मूळ आजार बघत डोस हळूहळू कमी करायचा. शरीर स्वतः रोज जेवढं कॉर्टिसोल बनवतं ते साधारण ४ ते ६ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकं असतं. तिथपर्यंत आल्यावर घाई नको. एक तर अगदी सावकाश पुढे जायचं, किंवा सकाळी आठ-नऊच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसोल तपासायचं. ते १० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ग्रंथी जागी झाली आहे. ५ च्या खाली असेल तर अजून झोपलेली आहे. मध्ये असेल तर थांबून पुन्हा तपासायचं. ग्रंथी जागी व्हायला काहींना काही आठवडे लागतात, काहींना वर्षभर, क्वचित त्याहून अधिक.

दुसरी आशेची बातमी जन्मजात आजाराबद्दल आहे. काही बाळांच्या अधिवृक्क ग्रंथीत कॉर्टिसोल बनवणारं एक विकर जन्मतःच नसतं. ग्रंथी फुगते आणि भलतीच, पुरुषी हार्मोन्स जास्त बनवते. आजवर ती दाबायला स्टेरॉइडचा मोठा डोस द्यावा लागे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत क्रिनेसरफाँट या औषधाला मान्यता मिळाली. ते मेंदूकडून येणारा हुकूमच कमी करतं, त्यामुळे स्टेरॉइडचा डोस खाली आणता येतो. मूळ कॉर्टिसोलची गोळी मात्र आयुष्यभर लागतेच.

लक्षात ठेवायच्या गोष्टी

१. तुम्ही महिनाभरापेक्षा जास्त काळ स्टेरॉइड घेत असाल, तर हा लेख वाचून गोळी बंद करू नका. डॉक्टरांना भेटा.

२. बिननावाची पुडी बरेच महिने घेत असाल तर तीही एकदम सोडू नका. पुडी घेऊन या आणि मोकळेपणाने सांगा. कुणी रागावणार नाही. न सांगणं मात्र धोक्याचं आहे.

३. ताप आला, दात काढायचा असला, शस्त्रक्रिया ठरली, तर "मी स्टेरॉइडवर आहे" हे आधी सांगा. अशा वेळी डोस वाढवावा लागतो. ॲडिसनच्या रुग्णांनी तापाच्या दिवसांत किती वाढवायचा हे आधीच लिहून घ्यावं.

४. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, चक्कर येत असेल, माणूस गळून गेला असेल, तर घरी थांबू नका. जवळच्या दवाखान्यात हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाइन लागतं. ते वेळेत मिळालं तर माणूस काही तासांत उठून बसतो.

५. खिशात एक चिठ्ठी ठेवा: नाव, आजार, औषध, डोस, घरच्यांचा फोन. माउलींची पालखी लोणंद-फलटणमार्गे जाते तेव्हा आपल्या भागातले अनेक रुग्ण चालतात. ऊन, घाम, जुलाब यांत मीठ-पाणी झपाट्याने जातं. गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवा, एक संच सोबत्याकडे द्या.

६. दम्याचा पंप ओढल्यावर चूळ भरा. पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये. पंपाला घाबरून तो सोडणाऱ्यांनाच पुढे गोळ्यांची वेळ येते.

७. स्टेरॉइड सुरू असताना साखर, रक्तदाब आणि डोळे तपासत राहा. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर थुंकी तपासा.

पुढच्या वेळी "यात स्टेरॉइड तर नाही ना?" असं जरूर विचारा. पण तिथे थांबू नका. "कशासाठी, किती दिवस, आणि बंद कसं करायचं?" हे तीन प्रश्न त्याला जोडा. ज्या डॉक्टरकडे या तिन्हींची उत्तरं आहेत त्याने दिलेल्या स्टेरॉइडला घाबरायचं कारण नाही. ज्या पुडीवर ही उत्तरं नाहीत, ती कितीही गुणकारी वाटली तरी तोंडात टाकू नका.